रिफर्बिश्ड मशीन, सहा कॉम्प्युटर आणि स्कॅनचं फोल्डर

नागपूरला महाल भागात आमची छोटी पतसंस्था आहे, मी तिथे कर्ज विभाग बघते आणि कॉम्प्युटरचं काही अडलं की तेही माझ्याकडेच येतं. या उन्हाळ्यात जुना प्रिंटर पूर्ण बसला आणि संचालक मंडळाने ठरवलं की आता एकच मोठी मल्टिफंक्शन मशीन घ्यायची, प्रिंट, झेरॉक्स, स्कॅन सगळं एकात. नवीन मशीन बजेटच्या बाहेर जात होती म्हणून रिफर्बिश्ड घेतली, म्हणजे आधी दुसऱ्या कुठल्या ऑफिसात चाललेली, डीलरने साफसूफ करून, ड्रम-रोलर बदलून परत विकलेली. मशीन म्हणून ती उत्तम आहे, हे आधीच सांगते. पण ती सॉफ्टवेअरच्या अंगाने नीट बसवायला जे जे करावं लागलं ते मराठीत एका जागी मला कुठे मिळालं नाही म्हणून लिहितेय. स्कॅनचा भाग जास्त मोठा होईल कारण खरा वेळ तिथेच गेला.

डीलरकडचा मुलगा आला, त्याने मशीनची यूएसबी केबल काउंटरवरच्या कॉम्प्युटरला लावली, ड्रायव्हर (म्हणजे कॉम्प्युटरला मशीनशी बोलता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) टाकला, तिथून प्रिंटर शेअर केला, टेस्ट पेज काढलं आणि म्हणाला, "घ्या ताई, प्रिंट येऊन राहिली, झालं काम." काम त्याच्या दृष्टीने झालंच होतं. पण अशा शेअरिंगमध्ये काउंटरचा कॉम्प्युटर बंद असला की बाकी पाचही जण अडकतात, आणि आमच्या काउंटरच्या मॅडम सुट्टीवर गेल्या त्याच दिवशी हे सगळ्यांना कळलं. शिवाय दोन कॉम्प्युटरवर शेअर केलेला प्रिंटर जोडायला गेलं की ज्याच्या आकड्याच्या शेवटी ११बी असतं तो प्रसिद्ध एरर येत होता. हा एरर शोधला की नेटवर लोक सांगतात रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) एक व्हॅल्यू शून्य करा, होऊन जाईल. होतंही. पण तो एरर कशामुळे आला ते वाचलं की तसं करायची इच्छा उरत नाही. २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणाऱ्या भागात, एक मोठं भगदाड सापडलं होतं, प्रिंटनाइटमेअर नावाने गाजलं, त्यातून बाहेरचा माणूस थेट कॉम्प्युटरचा ताबा घेऊ शकत होता. त्या वर्षी जुलैपासून पुढे जे पॅचेस आले त्यांनी शेअर केलेल्या प्रिंटरचे नियम कडक केले, आणि ऑगस्टपासून साध्या युजरला नेटवर्कवरून ड्रायव्हर टाकणं बंद करून त्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागायला लागला; ११बी हा एरर त्याच स्पूलरचं दुसरं एक छिद्र बुजवणाऱ्या सप्टेंबरच्या पॅचमुळे येतो. ज्या ऑफिसात लोकांच्या ठेवी आणि आधार-पॅनच्या कॉप्या आहेत तिथे ते कुलूप मुद्दाम उघडं ठेवायचं नाही, असं मी व्यवस्थापक सरांना स्पष्ट सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. मग ठरवलं की यूएसबी काढून टाकायची, मशीन नेटवर्क केबलने थेट राउटरला जोडायची आणि प्रत्येक कॉम्प्युटरने मशीनशी सरळ बोलायचं, मधे कोणी नाही.

मशीन हातात घेतल्यावर पहिल्यांदा तिचं अ‍ॅड्रेस बुक उघडलं आणि तिथेच थांबले. आधीच्या ऑफिसचे स्कॅनचे पत्ते, लोकांची नावं, ईमेल, एका फोल्डरचा युजरनेम सगळं तसंच्या तसं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड पण कारखान्यातून येतो तोच, जो मॅन्युअलमध्ये छापलेला असतो आणि कोणालाही मिळतो. मोठ्या मशीनमध्ये हार्ड डिस्क असते, त्यात स्कॅन-कॉपीच्या प्रतिमा राहू शकतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मला हे मनापासून खटकलं. उद्या आमची मशीन आम्ही विकली आणि आमच्या सभासदांचे सातबारे आणि पगारपत्रकं कोणाच्या तरी हातात गेली तर? डीलरला फोन करून इंजिनिअरला परत बोलावलं, त्याच्याकडून सर्व्हिस मोडमधून डिस्क पुसून घेतली, पूर्ण रिसेट मारला, आणि नवा अ‍ॅडमिन पासवर्ड टाकून तो बंद पाकिटात तिजोरीत ठेवला. कोणी रिफर्बिश्ड घेत असाल तर आधी हे, बाकी सगळं नंतर.

मग पत्त्याचं काम. राउटर प्रत्येक यंत्राला आपोआप आयपी पत्ता देतो आणि तो कायमचा नसतो. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी लाइट जाते, परत आली की राउटर सगळ्यांना नव्याने पत्ते वाटतो, आणि सकाळी २५ वर (पत्त्यातला शेवटचा आकडा) असलेली मशीन दुपारी ३१ वर जाऊन बसते. कॉम्प्युटर मात्र २५ वरच प्रिंट पाठवत राहतो. रोज खोली बदलणाऱ्या माणसाला पोस्टमनने कुठे शोधायचं, तसंच ते. म्हणून मशीनच्या मेनूतून कॉन्फिगरेशनचं पान छापून घेतलं, त्यावर मॅक अ‍ॅड्रेस (यंत्राचा स्वतःचा न बदलणारा क्रमांक) असतो तो बघितला, राउटरमध्ये जाऊन आपोआप वाटायचे पत्ते १०० पासून पुढे सुरू केले आणि मशीनला हाताने १९२.१६८.१.२० दिला. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता, आणि डीएनएस पण भरायचा, तो रिकामा ठेवला तरी प्रिंट येते पण पुढे ईमेल अडतो. राउटरमध्ये हाच पत्ता याच मॅकसाठी राखूनही ठेवला. नंतर ब्राउझरमध्ये तो आकडा टाकला की मशीनचं स्वतःचं पान उघडतं, बहुतेक सगळी सेटिंग तिथूनच करता येते, मशीनच्या छोट्या स्क्रीनवर बोटं दुखवायची गरज नाही.

ड्रायव्हर टाकायच्या आधी जुना काढणं महत्त्वाचं. प्रिंटर डिलीट केला तरी ड्रायव्हर आत तसाच राहतो, आणि नव्याने जोडताना विंडोज तोच उचलतं. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर्स नावाचा टॅब असतो, तिथून ड्रायव्हर आणि पॅकेज दोन्ही काढायचं. "वापरात आहे" असं म्हणून निघाला नाही तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवायचा, विंडोजच्या सिस्टिम ३२ मध्ये स्पूल, त्यात प्रिंटर्स नावाचं फोल्डर आहे त्यात अडकलेल्या फाइली उडवायच्या, स्पूलर परत चालू करायचा आणि लगेच काढायचा. अकाउंटच्या कॉम्प्युटरवर कधीची एक प्रिंट "डिलीटिंग" दाखवत लटकलेली होती, ती अशीच गेली.

आता ड्रायव्हर कुठला, तर कंपनीच्या साइटवर एकाच मशीनला पीसीएल ६, पोस्टस्क्रिप्ट, युनिव्हर्सल असे दोन-तीन असतात. माझं मत असं की ऑफिसचं साधं काम, वर्ड, एक्सेल, अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, यासाठी पीसीएल ६ बरा, फाइल लहान बनते आणि झटकन निघते. पोस्टस्क्रिप्ट डिझाइन-छपाईवाल्यांना लागतो. आणि विंडोज स्वतः शोधून जो प्रिंटर जोडतं त्याच्यावर थांबू नये, कारण बऱ्याचदा ते डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट बनवतं, तो चालतो तोवर चालतो आणि एक दिवस प्रिंटर "ऑफलाइन" दाखवायला लागतो. "मला हवा तो प्रिंटर यादीत नाही" यावर क्लिक करून हाताने टीसीपी/आयपी पोर्ट बनवायचा, पत्ता टाकायचा, रॉ, ९१००. मी सहाही कॉम्प्युटरवर असंच केलं.

तरी एका कॉम्प्युटरवर ऑफलाइन येतच राहिलं. पिंग केलं, म्हणजे त्या पत्त्यावर हाक मारून बघितली, तर उत्तर येतंय, ब्राउझरमध्ये मशीनचं पान उघडतंय, आणि प्रिंटर मात्र फिका. शिपाईकाका विचारत होते, "काऊन ताई, मशीन तर चालू दिसून राहिली." कारण निघालं एसएनएमपी. विंडोज या मार्गाने मशीनला विचारतं की बाई तू जागी आहेस का, आणि मशीनकडून उत्तर आलं नाही की ती बंद आहे असं धरून चालतं. रिसेटनंतर मशीनमधलं हे सेटिंग बंद झालं होतं. पोर्टच्या कॉन्फिगरेशनमध्ये "एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड" असा एक चौकोन असतो, त्यातली टिक काढली आणि प्रिंटर जिवंत झाला. मग बाकी पाच ठिकाणीही आधीच काढून टाकली. प्रिंटर ऑफलाइन या रोगावर नेटवर शंभर उपाय आहेत, पण पिंग चालत असेल तर आधी ही टिक बघा.

डिव्हाइस सेटिंग्ज नावाचा टॅब पण कोणी उघडत नाही. मशीनला किती ट्रे आहेत, दोन्ही बाजू छापायचं युनिट आहे का, हे ड्रायव्हरला कधीकधी हाताने सांगावं लागतं. ते सांगितलं नाही तर दोन्ही बाजूचा पर्यायच पुसट राहतो आणि माणसाला वाटतं मशीनमध्ये ती सोयच नाही. आणि विंडोजमधलं "डीफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या" हे बंद करायचं, नाहीतर कोणी एकदा पीडीएफवर प्रिंट दिली की पुढची सगळी पावती पीडीएफमध्येच जाते.

कागदाची गोष्ट खास आपल्याकडची आहे. कर्जाचे करारनामे आम्ही लीगल कागदावर काढतो. ड्रायव्हरमध्ये लीगल निवडलं, ट्रेवर लीगल लावलं, तरी मशीन "कागद लावा" म्हणून थांबायची किंवा मधेच जाम. शेवटी रीममधला कागद काढून फूटपट्टीने मोजला, लांबी साडेचौतीस सेंटीमीटर. अमेरिकेचा लीगल १४ इंच म्हणजे ३५.५६ सेंटीमीटर असतो, आणि आपल्या बाजारात लीगल म्हणून मिळतो तो बऱ्याचदा २१५ बाय ३४५ मिलिमीटर. एक सेंटीमीटरचा फरक, पण मशीनचे सेन्सर कागदाचं शेपूट कधी गेलं ते मोजतात, त्यांना तेवढा पुरतो. काही नव्या मशीनमध्ये इंडियन लीगल असं वेगळं नावच असतं, आमच्या मशीनमध्ये नव्हतं, म्हणून ट्रेवर आणि ड्रायव्हरमध्ये दोन्हीकडे कस्टम साइज बनवली, तेच माप, तेच नाव. एकीकडे बनवून उपयोग नाही. त्यातच उन्हाळ्यात कूलर चालू असतो, त्याची ओली हवा थेट ट्रेवर आली की कागद दमट होऊन वळतो आणि जाम होतो, त्याचा ड्रायव्हरशी काही संबंध नाही, कूलरची दिशा बदलली आणि उघडी रीम पिशवीत बंद ठेवायला लागलो.

मराठी अक्षरांचं पण सांगून टाकते. आमचे जुने नमुने, जामीनपत्र, वचनचिठ्ठी, हे सगळे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. स्क्रीनवर बरोबर दिसायचं आणि कागदावर कुठे रफार गायब, कुठे वेलांटी सरकलेली. करारनाम्यात नाव चुकीचं छापलं जाणं ही छोटी गोष्ट नाही, कोर्टात प्रश्न येतो. ड्रायव्हरच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात ट्रूटाइप फॉन्ट कसा पाठवायचा ते ठरवता येतं, तिथे फॉन्ट म्हणून न पाठवता बिटमॅप म्हणून पाठवायला सांगितलं आणि अक्षरं स्क्रीनसारखी आली, थोडी हळू निघतात एवढंच. पीडीएफ असेल तर अ‍ॅक्रोबॅटमध्ये प्रिंट करताना अ‍ॅडव्हान्स्डमध्ये "प्रिंट अ‍ॅज इमेज" आहे, त्यानेही तेच होतं. खरा उपाय म्हणजे सगळे नमुने युनिकोडमध्ये आणणं, ते काम हळूहळू चालू आहे.

आता स्कॅन. आम्हाला हवं होतं की कर्जप्रकरणाची सगळी कागदं मशीनच्या वरच्या फीडरमध्ये ठेवली, बटण दाबलं, की पीडीएफ थेट कर्ज विभागाच्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये पडली पाहिजे. अ‍ॅड्रेस बुकात फोल्डरचा रस्ता टाकला, युजरनेम-पासवर्ड टाकला, आणि "कनेक्शन फेल्ड". इथे एक गोष्ट मला फार कामाची वाटली. मशीन कनेक्शन फेल म्हणाली तर ती कॉम्प्युटरपर्यंत पोचलीच नाही किंवा दोघांची भाषा जुळली नाही, आणि लॉगिन किंवा ऑथेंटिकेशन फेल म्हणाली तर पोचली पण नाव-पासवर्ड नाकारला गेला. दोन वेगळे रोग आहेत, औषध वेगळं.

आमचा पहिला रोग भाषेचा होता. नेटवर्कवर फाइल ठेवायला एसएमबी नावाचा प्रोटोकॉल लागतो, जुन्या मशीन त्याची पहिली आवृत्ती बोलतात. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस याच पहिल्या आवृत्तीतल्या छिद्रातून जगभर पसरला होता, हॉस्पिटलं बंद पडली होती, आणि त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ती नव्या इन्स्टॉलमध्ये येणं थांबलं. इंजिनिअरला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, विंडोज फीचर्समध्ये जा, एसएमबी वन चालू करा, सगळेच करून राहिले." सगळे करत असतील, पण मी नाही म्हटलं. त्याला विचारलं की मशीनचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतलं सॉफ्टवेअर, कुठलं आहे, नवीन आहे का. त्याने बघितलं तर खरंच या मॉडेलला नंतर एक फर्मवेअर आलं होतं ज्यात एसएमबीची दुसरी आणि तिसरी आवृत्ती होती. फर्मवेअर चढताना लाइट गेली तर मशीनचा मेन बोर्ड जाऊ शकतो, म्हणून त्याला दुपारी येऊ दिलं नाही, सकाळी लवकर बोलावलं, पेनड्राइव्हवरून चढवलं. तो मुलगाही मनापासून काम करणारा होता, चहा घेता घेता म्हणाला की हे कोणी विचारतच नाही म्हणून आम्ही करत नाही. त्यामुळे तुम्ही विचारा.

त्यानंतर संदेश बदलला, लॉगिन फेल. हे पुढे गेल्याचं लक्षण. कर्ज विभागाचा कॉम्प्युटर विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीवर आहे. या आवृत्तीत पाहुणा म्हणून बिनपासवर्डचं आत येणं बंद आहे आणि प्रत्येक निरोपावर सही, म्हणजे एसएमबी सायनिंग, सक्तीची आहे. नव्या फर्मवेअरमुळे सही जमली, पण खात्याचा प्रश्न राहिला. त्या कॉम्प्युटरवर आम्ही चार आकडी पिन टाकून आत जातो. पिन फक्त त्या यंत्रासमोर बसलेल्या माणसासाठी असतो, नेटवर्कवरून चालत नाही, तिथे खात्याचा खरा पासवर्डच लागतो. आणि स्वतःच्या खात्याचा पासवर्ड मशीनमध्ये ठेवणं मला बरोबर वाटत नाही, मशीन सगळ्यांची आहे. म्हणून फक्त स्कॅनसाठी एक लोकल युजर बनवला, अ‍ॅडमिनचे अधिकार नाहीत, लांब पासवर्ड, आणि पासवर्ड कधी एक्स्पायर होणार नाही ही टिक लावली, नाहीतर ठरावीक मुदतीनंतर स्कॅन आपोआप बंद पडतं आणि कोणाला कारण सापडत नाही.

फोल्डरला परवानगी दोन ठिकाणी द्यावी लागते, शेअरिंगमध्ये एक आणि सिक्युरिटी टॅबमध्ये दुसरी, दोन्हीकडे त्या युजरला लिहायचा अधिकार हवा, दोघांत जी कमी असेल तीच चालते. नेटवर्क "पब्लिक" दाखवत होतं ते "प्रायव्हेट" केलं, फायरवॉल पूर्ण बंद न करता फक्त फाइल आणि प्रिंटर शेअरिंग तेवढं उघडलं. या कॉम्प्युटरलाही मशीनसारखा पक्का पत्ता दिला आणि अ‍ॅड्रेस बुकात कॉम्प्युटरच्या नावाऐवजी तो आकडाच टाकला. युजरनेम लिहिताना आधी कॉम्प्युटरचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग युजर. मग पहिली पीडीएफ फोल्डरमध्ये येऊन पडली तेव्हा मी आणि काउंटरच्या मॅडम दोघी खुर्चीतून उठलो होतो.

स्कॅनची क्वालिटी पण ठरवून घ्यावी. ए४ पान ३०० डीपीआय रंगीत म्हणजे कच्ची प्रतिमा साधारण २६ एमबीची, मशीन ती दाबून लहान करते पण चाळीस पानांचं प्रकरण तरीही जड होतं. करारनामे आम्ही काळ्यापांढऱ्यात ३०० वर घेतो, सातबारा आणि ओळखपत्रं ग्रेस्केलमध्ये, रंगीत फक्त फोटो असेल तिथे. प्रत्येकाला मशीनच्या स्क्रीनवर वेगळं बटण करून दिलं.

ईमेलवर स्कॅन पाठवायचं पण सुरू करून ठेवलंय, लेखापरीक्षकांना कधी लागतं. जीमेलने ३० मे २०२२ पासून नुसत्या पासवर्डवर अशा यंत्रांना आत घेणं बंद केलंय, म्हणून खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून सोळा अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्यायचा, तो मशीनमध्ये टाकायचा, पोर्ट ५८७. आणि मशीनचं घड्याळ बघा. रिसेटनंतर आमच्या मशीनमध्ये भलतंच वर्ष होतं, त्यामुळे सर्व्हरचं सर्टिफिकेट तिला अवैध वाटत होतं. तारीख आणि साडेपाच तासांचा टाइम झोन बरोबर केला आणि मेल गेला.

शेवटचं काम कर्ज विभागासाठी केलं. मशीन हॉलमध्ये सगळ्यांच्या वाटेवर आहे, एखाद्या सभासदाच्या थकबाकीची नोटीस छापली की ती ट्रेवर पडून राहते आणि येणारा-जाणारा वाचतो. गाव छोटं नाही पण महाल भागात सगळे एकमेकांना ओळखतात. ड्रायव्हरमध्ये लॉक्ड किंवा सिक्युअर प्रिंट असं असतं, ते आमच्या दोन कॉम्प्युटरवर डीफॉल्टच करून टाकलं. आता नोटीस मशीनमध्ये थांबते, आपण जाऊन आपला कोड टाकला की तेव्हाच निघते, आणि न काढलेल्या प्रिंट संध्याकाळी आपोआप पुसल्या जातात. सुरुवातीला दोघं-तिघं कुरकुरले की उठून जावं लागतं. वसुलीचे साहेब मात्र दुसऱ्याच दिवशी येऊन म्हणाले, माझ्याही कॉम्प्युटरवर लावून द्या.